फोडणी, शॉवर कॅप आणि तीन मीटर

हा लेख पुढे वाचण्याआधी एक काम करा. उठा, बेडरूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये जा आणि छताकडे बघा. तिथे एक पांढरी गोल डबी असेल. तिच्यावर शॉवर कॅप चढवलेली आहे का? प्लास्टिकची पिशवी, पायमोजा, चिकटपट्टी? की डबी जागेवर आहे पण आत बॅटरीच नाही? की छतावर नुसतं बूड उरलंय आणि डबी वरच्या कपाटात पणत्यांच्या खोक्याशेजारी पडली आहे?

ऑकलंडमधल्या कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं की छताकडे बघायची मला आता सवय लागली आहे. पूर्वी बघून गप्प बसायचे. आता बसत नाही. काही यजमानांना राग येतो, आणि तो मला समजतो, कारण या बाबतीत पहिली गुन्हेगार मीच आहे.

आम्ही माउंट वेलिंग्टनला राहतो, माउंगारेई डोंगराच्या पायथ्याशी, विटांच्या जुन्या भाड्याच्या युनिटमध्ये. दोन बेडरूम, एक लाउंज आणि मधोमध चार पावलांचा पॅसेज. स्वयंपाकघर पॅसेजला लागूनच. त्या पॅसेजच्या छतावर घरातला एकुलता एक स्मोक अलार्म. मोहरी तडतडायच्या आत तो वाजतो. लाल मिरची टाकली तर मिरचीच्या आधी वाजतो, असं माझा नवरा म्हणतो.

श्रावणात आई आलेली होती म्हणून सत्यनारायण केला. तुमच्याकडचा श्रावण म्हणजे आमचा ऑगस्ट, कडाक्याची थंडी, सगळ्या खिडक्या बंद. आरतीला कापूर पेटला आणि अलार्मनं सूर धरला. नवरा स्टुलावर चढला, त्यानं बाथरूममधली शॉवर कॅप अलार्मवर चढवली, पाहुणे हसले, आरती पुढे सुरू झाली. प्रसाद झाला, पाहुणे गेले, भांडी घासून झाली. शॉवर कॅप तिथेच राहिली. सोळा दिवस.

सतराव्या रात्री पावणेतीनला आई गुडघा दुखतो म्हणून उठली. ती लाउंजमध्ये सोफाबेडवर झोपायची. डोळे चुरचुरले म्हणून तिनं दिवा लावला, तर खोलीत धूर. हीटर आम्ही भिंतीतल्या सॉकेटऐवजी जुन्या मल्टिप्लगला जोडला होता. तो मल्टिप्लग वितळून धुमसत होता आणि आईनं साताऱ्याहून आणलेल्या गोधडीची एक कड त्याच्यावर पडली होती. आईनं भिंतीवरचं बटण बंद केलं, गोधडी ओढून सिंकमध्ये टाकली आणि मग आम्हाला हाक मारली. आमच्या खोलीत चार वर्षांची मुलगी झोपलेली होती. तिला काही कळलंसुद्धा नाही.

नुकसान काय झालं? वीतभर कार्पेट, अर्धी गोधडी. दुसऱ्या दिवशी ज्याला सांगितलं तो म्हणाला, "चला, काही झालं नाही ना!" हा लेख या वाक्याच्या विरोधात आहे. काही झालं नाही ते आईच्या गुडघ्यामुळे. दोन पगार असलेल्या, दोघंही शिकलेल्या आमच्या घरात त्या रात्री आगीची सूचना देणारी एकमेव यंत्रणा म्हणजे संधिवात.

"धुराचा वास आला असता की," असंही लोक म्हणतात. नाही येत. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकॅडन आणि रेचल हर्झ यांनी 2004 मध्ये झोपलेल्या माणसांना वास देऊन पाहिले. एक पेपरमिंटचा, दुसरा पिरिडिनचा, जो अगदी उग्र असतो. गाढ झोपेत या वासांनी माणसं उठत नव्हती, आवाजानं उठत होती. झोपेत नाक पहारा देत नाही, कान देतात. म्हणूनच या यंत्राला भोंगा आहे.

माझं पोस्टडॉकचं काम पॉलिमरवर आहे. सोफ्यातला पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. तरी शॉवर कॅप काढायची राहिलीच. तेव्हा आपण शिकलेले लोक आहोत, आपल्याला हे सांगायला नको, हा युक्तिवाद माझ्यापुढे करू नका.

दुसरा युक्तिवाद असा, की आपल्या आईवडिलांच्या घरी कुठे होते अलार्म? आपण जगलोच ना? जगलो. पण ते घर विटा, सिमेंट आणि शहाबादी फरशीचं होतं. इथलं बहुतेक घर लाकडी सांगाड्याचं, आतून जिप्समच्या पाट्या, खाली कार्पेट. विटांचं दिसणारं आमचं युनिटही आतून लाकडीच. सामानही बदललंय. अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेनं सारख्याच दोन खोल्या पेटवून पाहिल्या. जुन्या पद्धतीच्या लाकूड-कापसाच्या सामानाची खोली पूर्ण पेटायला सुमारे अर्धा तास लागला. आजच्या फोम आणि प्लास्टिकच्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत पेटली. आपण आजोबांच्या काळाच्या हिशेबानं निर्धास्त आहोत, आणि झोपतोय या काळाच्या सोफ्यावर.

शिवाय तिकडे तरी सगळं ठीक होतं का? 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. दहा बाळं गेली. धूर पहिल्यांदा दिसला तो एका नर्सला. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागून अकरा माणसं गेली. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा कायदा 2006 सालचा आहे. म्हणजे कायदा नव्हता असं नाही. कायदा आणि छत यांच्यामध्ये जे अंतर असतं, तिथे माणसं मरतात. न्यूझीलंडमध्ये ते अंतर कमी आहे, पण शून्य नाही. त्यातलं काही अंतर आपण स्टुलावर चढून स्वतः वाढवतो.

आता फोडणीकडे येते, कारण खरं भांडण तिथे आहे.

स्मोक अलार्म मुख्यतः दोन जातींचे. एकात अमेरिशियम-241 या किरणोत्सारी मूलद्रव्याचा कण असतो. तो आतल्या हवेला विद्युतभारित करतो आणि धुराचे बारीक कण आत आले की विजेचा प्रवाह कमी होऊन भोंगा वाजतो. याला आयोनायझेशन अलार्म म्हणतात. दुसऱ्यात एक प्रकाशकिरण असतो. धुराचे जरा मोठे कण आत आले की प्रकाश विखुरतो आणि भोंगा वाजतो. हा फोटोइलेक्ट्रिक. तापलेल्या तेलातून निघतात ते बहुतांश अतिबारीक कण, म्हणून पहिल्या जातीचा अलार्म फोडणीला जास्त बिचकतो. धुमसणारा सोफा, गादी, गोधडी यांचा धूर मोठ्या कणांचा, तो दुसऱ्या जातीला लवकर कळतो. म्हणजे रात्रीच्या आगीला जास्त उपयोगी आणि फोडणीला कमी त्रासदायक असा अलार्म अस्तित्वात आहे, आणि इथल्या नियमात तोच सांगितलेला आहे. कांदा करपेपर्यंत परतलात तर तोही वाजेल, हे खरं. पण जिऱ्यामोहरीला रोज वाजत असेल तर एक तर तो जुना आहे, किंवा चुकीच्या जागी आहे.

ही जागा चुकते कशी, ते बघा. भाड्याच्या घरांसाठी इथे 1 जुलै 2016 पासून नियम आहेत. प्रत्येक बेडरूमच्या दारापासून तीन मीटरच्या आत, किंवा माणूस झोपतो त्या प्रत्येक खोलीत, निदान एक चालू अलार्म हवा. मजले एकाहून जास्त असतील तर प्रत्येक मजल्यावर किमान एक. नवा बसवायचा तर फोटोइलेक्ट्रिक, आणि त्याची बॅटरी निदान आठ वर्षं टिकणारी किंवा जोडणी थेट विजेची. त्यावर छापलेली मुदत संपायच्या आत तो बदलायचा.

त्या वाक्यातला "किंवा" पुन्हा वाचा. खोलीत बसवायचे तर तीन खोल्यांना तीन अलार्म लागतात. पॅसेजमध्ये बसवला तर एकात भागतं. मालक कुठला पर्याय निवडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मोठ्या घरात पॅसेज स्वयंपाकघरापासून लांब असतो, तिथे हे चालून जातं. पण आमच्यासारख्या छोट्या युनिटमध्ये बेडरूमपासून तीन मीटर म्हणजे गॅसपासूनही तीनच मीटर. कमी भाड्याचं घर, लहान पॅसेज, एकच अलार्म, तो शेगडीच्या तोंडावर, तो रोज वाजणार, म्हणून त्यावर शॉवर कॅप. कागदावर घर नियमात बसतं. छतावर अलार्म मेलेला असतो.

रोज वाजणाऱ्या अलार्मचं काय होतं, हे या देशानं पाहिलंय. 16 मे 2023 ला मध्यरात्रीनंतर वेलिंग्टनमधल्या लोफर्स लॉज या बोर्डिंग हाउसला आग लागली. ती कोणीतरी लावलेली होती. पाच माणसं गेली. इमारतीत स्प्रिंकलर नव्हते. वाचलेल्या काही रहिवाशांनी नंतर सांगितलं, की तिथे अलार्म इतक्यांदा उगाच वाजायचा की तो वाजला म्हणून कोणी उठत नसे. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, आणि त्यात दोष गुराख्याच्या पोराला देतो. इथे त्या पोराला कुठे उभं करायचं हे मोठ्या माणसांनी ठरवलेलं आहे.

आणि हे बदलता येत नाही असं नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये इथल्या इमारत नियमांत बदल झाला. वर्षभराची मुदत संपल्यावर नव्या घरांना तो लागू झाला. बेडरूम, बैठकीच्या खोल्या, पॅसेज, जिन्याचे मजले, सगळीकडे अलार्म, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. एक वाजला की घरातले सगळे वाजतात. हे योग्यच आहे, कारण अलार्मचा आवाज तीन मीटरवर 85 डेसिबल असला, तरी बंद दारापलीकडे तो बराच कमी होतो. मुलांचं तर विचारूच नका. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या डोरोथी ब्रक यांच्या संशोधनात, नेहमीच्या तीव्र पट्टीच्या भोंग्यानं बरीच मुलं उठलीच नाहीत.

पण हा नियम नव्या घरांना आणि परवानगी लागणाऱ्या मोठ्या बदलांना. जुन्या भाड्याच्या घरांना 2016 चाच "किंवा". म्हणजे आज स्टोनफील्ड्समध्ये कोणी नवं घर बांधलं तर त्यातलं मूल जोडलेल्या अलार्मखाली झोपेल, आणि डोंगराच्या या बाजूला जुन्या युनिटमधलं माझं मूल पॅसेजमधल्या एका डबीच्या भरवशावर. दोन्ही घरांत फोम तोच, धूर तोच.

शेजारच्या क्वीन्सलँडनं काय केलं? ऑगस्ट 2011 मध्ये ब्रिस्बेनजवळ स्लॅक्स क्रीक इथे एका भाड्याच्या घराला आग लागून एकाच कुटुंबगोतातली अकरा माणसं गेली. त्यानंतर तिथे कायदा बदलला. 1 जानेवारी 2022 पासून भाड्यानं द्यायच्या आणि विकायच्या प्रत्येक घरात दर बेडरूममध्ये जोडलेला फोटोइलेक्ट्रिक अलार्म सक्तीचा झाला. 1 जानेवारी 2027 पासून तो सगळ्याच घरांना लागू होतो. भाड्याच्या घरांचा क्रम आधी लावला, हे लक्षात घ्या. भाडेकरू स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, म्हणून त्याचं संरक्षण आधी. न्यूझीलंडनं नेमका उलटा क्रम लावला आहे. आपल्याकडे अकरा माणसं जायची वाट बघायची का, हा माझा प्रश्न आहे, आणि निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तुम्हीही विचारावा असं मला वाटतं. रहिवासी व्हिसावाल्यांना इथे मतदानाचा अधिकार आहे. आपण तो बहुतेक वेळा करांच्या दराबद्दल वापरतो.

आता भाडेकरू म्हणून आपल्याबद्दल. "मालकाला कशाला दुखवा? नोटीस देईल." ही भीती खोटी नाही. 30 जानेवारी 2025 पासून मुदत नसलेल्या भाडेकराराला कारण न देता नव्वद दिवसांची नोटीस पुन्हा देता येते. पण तक्रारीचा सूड म्हणून दिलेली नोटीस टेनन्सी ट्रिब्युनल रद्द ठरवू शकतं. ट्रिब्युनलमध्ये तुम्ही जिंकलात तर निकालातून आपलं नाव वगळण्याची विनंतीही करता येते, म्हणजे पुढच्या मालकानं गुगल केलं तर काय, ही काळजीही कमी. अलार्मचे नियम न पाळणाऱ्या मालकाला 7,200 डॉलरपर्यंत भुर्दंड बसू शकतो. आणि हेही ऐका: अलार्म काढणाऱ्या, तोडणाऱ्या किंवा बंद पाडणाऱ्या भाडेकरूला 4,000 डॉलरपर्यंत. शॉवर कॅप आपल्याला विनोद वाटते, ट्रिब्युनलला वाटेलच असं नाही. जुन्या पद्धतीच्या अलार्मची संपलेली बॅटरी बदलणं हेही भाडेकरूचंच काम आहे.

आमच्या घराची तपासणी दर तीन महिन्यांनी होते. प्रॉपर्टी मॅनेजर ओव्हनचा फोटो काढतो, बाथरूमच्या बुरशीचा काढतो. अलार्मचं बटण त्यानं माझ्यासमोर एकदाही दाबलेलं नाही. पण मीही कधी "दाबून दाखवा" म्हटलं नव्हतं. त्या रात्रीनंतर मी तीन ओळींचं ईमेल पाठवलं: अलार्मवरची मुदत संपली आहे, तो शेगडीच्या फार जवळ आहे, दोन्ही बेडरूम आणि लाउंजमध्ये प्रत्येकी एक बसवून द्यावा. आठवडाभर उत्तर नाही. दुसऱ्या ईमेलमध्ये नियमाचा उल्लेख केला, तेव्हा चौथ्या दिवशी माणूस आला आणि तीन अलार्म लावून गेला. बेडरूमचं दार लावून फोडणी दिली की आता ते वाजत नाहीत. दुखावलं कोणीच नाही.

आता घरमालक म्हणून आपल्याबद्दल, कारण या लेखाच्या वाचकांत भाडेकरूंइतकेच मालकही असतील. पहिलं घर झालं की दुसरं "इन्व्हेस्टमेंट" म्हणून घ्यायचं, हे आपल्यात ठरून गेलंय. 2016 साली घाईघाईनं बसवलेल्या आठ ते दहा वर्षांच्या अलार्मची मुदत आता संपली आहे किंवा संपत आली आहे. डबी उलटी करून तारीख बघा. चांगल्या अलार्मची किंमत चौघांच्या हॉटेलातल्या एका जेवणाहून कमी आहे. "नियमात एवढंच आहे" असं म्हणून पॅसेजमध्ये एक डबी लावणारा मराठी मालक मला भेटलाय. स्वतःच्या नव्या घरात त्याच्याकडे सात आहेत.

सगळ्यात वाईट अवस्था विद्यार्थ्यांची. नवी मुलं येतात, कोणाच्या तरी ओळखीनं मराठी कुटुंबात एक खोली घेतात. "आपल्याच माणसांकडे आहे" म्हणून तिकडे आईबाबा निर्धास्त. पण मालक त्याच घरात राहत असेल आणि तुम्ही त्याच्याकडे खोली घेऊन राहत असाल, तर भाडेकरार कायदा साधारणपणे लागूच होत नाही. खाली कार्पेट टाकून गॅरेजची केलेली खोली, एक दार, लोखंडी शटर, एक हीटर, आणि अलार्म वर घराच्या पॅसेजमध्ये. तिथे कायदा पोचत नाही, म्हणून तिथे आपलीच जबाबदारी पोचली पाहिजे. ज्या मुलाकडून दर आठवड्याला भाडं घेता, त्याच्या उशाशी एक अलार्म लावा. त्याची आई तुमच्या भरवशावर झोपते आहे.

काम फार मोठं नाही. माणूस झोपतो त्या प्रत्येक खोलीत फोटोइलेक्ट्रिक अलार्म, जमल्यास एकमेकांना बिनतारी जोडणारे. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा. फोडणीच्या आधी पंखा चालू करायचा, नंतर नाही. भाड्याच्या घरातून बाहेर हवा फेकणारा पंखा आता आरोग्यदायी घरांच्या नियमानुसार मालकानं द्यायचाच आहे. हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. धूप, कापूर, होम असेल तर खिडक्या उघडा, अंगावर स्वेटर घाला. बहुतेक अलार्मना काही मिनिटं गप्प बसवायचं बटण असतं, ते वापरा, तो आपोआप पुन्हा जागा होतो. शॉवर कॅप होत नाही. शंका असेल तर फायर अँड इमर्जन्सी न्यूझीलंडच्या 0800 693 473 या क्रमांकावर फोन करा, घरी येऊन मोफत बघून जातात. माझ्याकडे दोघं आले, त्यांनी आईशी खाणाखुणांनी गप्पा मारल्या, चहा घेतला, आणि रात्री बेडरूमचं दार लावून झोपा असं सांगून गेले.

अलार्म महिन्यातून एकदा तपासायचा असतो. ते लक्षात राहत नाही म्हणून आईनं जाण्याआधी तोडगा काढला. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ आपण बघतोच. नैवेद्य दाखवायच्या आधी स्टुलावर चढून तीन बटणं दाबायची. उपास करत नसाल तरी हे करायला हरकत नाही. मुलगी आता कानांवर हात ठेवून मोजते: एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. आई साताऱ्याहून फोनवर विचारते, "वाजले का गं तिन्ही?" मगच पुढचं बोलते.

तुम्ही अजून पॅसेजमध्ये गेला नसाल, तर आता जा.